फोनची निवड झाली

९ जुलै

ए मामा,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. कागदावर लिहायचं कारण एवढंच की हल्ली मी फोनवर जे लिहिते ते आईलाही पोचतं. तिने माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकलंय. मी कुठे आहे त्याचा निळा ठिपका तिला दिसतो, कुणाला काय लिहिलं ते दिसतं, आणि लिहून पुसलेलं तर जास्तच ठळक दिसतं. मागे मी माझ्या मैत्रिणीला, चष्मिसला, नुसतं लिहिलं, 'डोकं फिरलंय, पळून जावंसं वाटतंय', तर आई आठवडाभर मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला आली. अकरावीतल्या मुलीला! वर डबा घेतलास का, हेही ओरडून विचारलं.

पण गंमत बघ. पाकीट ती फोडत नाही. आजोबा पोस्टात पत्रं निवडायचे ना, त्यांनी तुम्हा दोघा भावंडांना काय दम भरून ठेवलाय कुणास ठाऊक, दुसऱ्याच्या नावाचं पाकीट म्हणजे तिला विस्तव. बाबांच्या नावाचं एक पाकीट ते बोटीवरून परत येईपर्यंत फ्रिजवर पडून होतं, आत निघाली चष्म्याच्या दुकानाची जाहिरात. मी म्हटलं, "आई, मग माझे मेसेज?" तर म्हणे, "ते वेगळं. ते काय पाकिटात असतात?" झालं. वाद संपला.

शाळेने आणखी एक ॲप दिलंय, त्याचं नाव 'वाटाड्या'. धडा किती वेळ पाहिला, कुठे थांबलो, कोणतं गणित अर्धवट सोडलं, सगळं ते टिपतं आणि आमची चिकाटी, एकाग्रता आणि कल काढतं. कलावरून पुढे आपण काय व्हायचं ते ठरतं. माझा कल सध्या ग्राहकसेवा. म्हणजे आई करते तेच, कानाला हेडफोन लावून दहा ते सात घरात येरझारा घालायच्या आणि कुणाचं वॉशिंग मशीन दार उघडत नसेल तर त्याची समजूत काढायची. आई म्हणाली, "अजिबात नाही, कल वाढव." जणू काही ती कुंडीतली मेथी आहे.

आता खरं ते. संध्याकाळी पाच ते सात मी जिथे दिसते तिथे नसते. एवढंच लिहिते. तू घरी न सांगता इतक्यांदा गेलास, तर मला सांग, पकडलं जायच्या आधी माणसाचं काय चुकतं? ते आधीच टाळावं म्हणते.

कळव. फोनवर नको.

टिटवी

---

२२ जुलै

टिटवे,

तुझं पाकीट ठेकेदाराच्या गोदामात नट-बोल्टच्या पेटीवर पडून होतं आणि उस्तादने त्यावर चहाचा पेला ठेवला, म्हणून तुझ्या नावाभोवती गोल डाग पडलाय. चांगला दिसतो, शिक्क्यासारखा. उस्ताद म्हणजे आमच्या टोळीतला खालचा माणूस. मी टॉवरवर चढतो, तो खाली उभा राहून दोर, अवजारं आणि माझ्या आईवडिलांचा उद्धार सांभाळतो.

तुला माहीत आहे का, ज्या टॉवरमधून तुझा निळा ठिपका ताईकडे जातो त्याचे नट मी पिळतो, आणि वर जाताना माझाच फोन खाली पिशवीत ठेवावा लागतो. नियमच आहे. काम चालू असताना अँटेना बंद असते, म्हणजे खालच्या गावातले लोक फोन हलवत असतात, आणि मी वर निवांत. काल वर कावळ्याचं घरटं सापडलं, सगळं तारांचं. आमच्याच तारांचे तुकडे, व्यवस्थित वळवून. आमच्या टोळीतला कुणी इतकं सफाईने तार वळवत नाही. उस्तादला ओरडून सांगितलं तर म्हणतो, "त्याला कामावर घे, तू घरट्यात बस." पिल्लं असावीत असं वाटलं, पण आता पाहणीला ड्रोन येतो, तो भिरभिरला आणि कावळीण उडाली. या ड्रोनमुळे आमचं निम्मं काम गेलंय. फोटो तो काढतो, आम्हाला नट पिळायला तेवढं ठेवलंय. त्याला हात फुटेपर्यंत आमची चैन.

मी काय सांगत होतो?

हां. पाच ते सात. टिटवे, मी बारावीला दोनदा बसलो, एकदा पेपर अवघड होता म्हणून उठलो आणि एकदा बाहेर वारा छान सुटला होता म्हणून, पण एवढं मला कळतं. पोरगा कोण आहे? कुठला? काय करतो? गिटारबिटार वाजवत असेल तर आत्ताच सोड. पकडलं जाण्याचं विचारतेस, तर माणूस खोटं बोलून पकडला जात नाही, आल्यावर चेहरा फार साधा ठेवतो म्हणून पकडला जातो. थोडी कटकट करत घरात शिर, भूक लागली म्हणून भांडी आपट. कुणी विचारत नाही.

पण नाव कळव. मी काही ताईला सांगत नाही.

मामा

---

३ ऑगस्ट

माकडमामा,

पोरगा! तुम्हा लोकांना दुसरं काही सुचतच नाही का? मुलगी दोन तास दिसली नाही की पोरगा. चष्मिसला वाचून दाखवलं तर ती चष्मा काढून हसली, आणि चष्मा काढल्यावर तिला हसायला समोर कोण आहे तेच दिसत नव्हतं.

तर ऐक. मी आमच्याच इमारतीत असते. तळमजल्यावर, आमच्या घराच्या बरोब्बर खाली, कवळीवाल्या काकूंकडे.

दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचं माप घेतात ना, ते माप काकूंकडे येतं. त्या मापात प्लास्टर ओततात, मग जबडा निघतो, पांढरा, कुणाचा तरी. त्यावर मेणाची हिरडी, मेणात एकेक दात, मग ते सगळं साच्यात घालून शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. पहिल्यांदा मी आईने पाठवलेला चार्जर परत द्यायला गेले होते आणि टेबलावर बत्तीस अनोळखी माणसं दात विचकून बसलेली. मी जी उभी राहिले ती उभीच. काकू म्हणाल्या, "बघतेस काय, तो मेणाचा चाकू दे." दिला. दुसऱ्या दिवशी परत गेले.

मला आता मेणात दाढ कोरता येते. म्हणजे तशी बरी. काकू तिला बटाटा म्हणतात. "बटाट्याला मुळं नसतात गं, दाढेला असतात, उगवल्यासारखी दिसू दे." मामा, एका दाढेवर केवढे डोंगर आणि दऱ्या असतात! आणि वरची खालचीत अशी बसते की जणू ठरवून आले होते. मला शाळेत दहा मिनिटं एका जागी बसवत नाही, पाय हलतात, बाक हलतो, पुढची मुलगी मागे वळून शिव्या देते. तिथे सात कधी वाजतात कळत नाही.

काकू रोज म्हणतात, यात काही राहिलं नाही, आता दात यंत्रातून छापून येतात, पलीकडच्या मोठ्या लॅबमध्ये आलंय तसलं. मग मी विचारलं, मला शिकवता कशाला? म्हणाल्या, "तू जात नाहीस म्हणून."

आणि फोन? फोन पाच ते सात चष्मिसकडे असतो, शेजारच्या इमारतीत. तिथे अभ्यासाला जाते असं आईला माहीत आहे, निळा ठिपकाही तिथेच दिसतो. फोन झोपला तर वाटाड्या 'अभ्यासात खंड' म्हणून आईला कळवतो, म्हणून चष्मिस दोन्ही फोन समोर ठेवून दोन्हींवर धडे सोडवते. तिला त्याचं काही नाही, उलट म्हणते, दुसऱ्यांदा सोडवलं की पक्कं होतं. आणि वर छतातून मला आईची पावलं ऐकू येतात. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. ती तिकडे ठिपका बघते आणि मी तिच्या पायाखाली.

कुणालाही सांगू नकोस. शप्पथ घे.

टिटवी

---

१४ ऑगस्ट

टिटवे,

शप्पथ. उस्तादला मात्र सांगितलं, कारण त्याचे पुढचे दोन दात नाहीत आणि तो फार दिवस गिऱ्हाईक व्हायला तयार आहे. तो विचारतोय की कुणाचे जुने चालतात का.

मला काय वाटलं सांगू? हेवा. मी इतकी गावं पाहिली, प्रत्येक गावात वाटलं की इथे राहावं, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. कुठेच मला सात वाजल्याचं कळलं नाही असं झालं नाही. वरती सुद्धा मी उतरल्यावर काय खायचं याचाच विचार करतो. आता आम्ही किनाऱ्याकडच्या टॉवरवर चाललोय, खारा वारा आहे म्हणे, नट गंजतात. समुद्र दिसेल. मला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

एक विचारायचं राहिलं. ती चष्मिस दोन फोन घेऊन बसते, तर तिचा स्वतःचा फोन तिला काय म्हणतो?

मामा

---

३० ऑगस्ट

मामा,

चष्मिसच्या फोनचं तू सहज विचारलंस आणि मी ते वाचून पत्र मिटून ठेवलं. तिथेच थांबायला हवं होतं.

झालंय असं. वाटाड्याने शाळेतून एकच नाव काढलं, दूरच्या शहरातल्या निवासी वर्गासाठी. दोन वर्षं तिथे राहायचं, पुढे संगणकाचं सगळ्यात वरचं शिक्षण, सगळं त्यांच्याकडून. नाव माझं आहे. चिकाटी उत्कृष्ट, एकाग्रता उत्कृष्ट, कल संशोधन. मामा, निवड माझ्या फोनची झाली आहे आणि जायचं मात्र मला!

चष्मिस प्रतीक्षेत पहिली. तिला लहानपणापासून तिथेच जायचं होतं. मला दाढ काय असते हे कळायच्या आधीपासून तिला तो वर्ग माहीत आहे. आणि ती खाली का गेली? आधी ती माझ्या फोनवर सोडवायची, मग तेच स्वतःच्या फोनवर, आणि दुसऱ्यांदा इतक्या भराभर सोडवायची की वाटाड्याला वाटलं ही नुसती टिचक्या मारते. एकाग्रता मध्यम! चष्मिसची एकाग्रता मध्यम! ती वाचत असताना तिच्या घरात एकदा पडदा पेटला होता, तिला धुरामुळे अक्षरं दिसेनात तेव्हा कळलं.

ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पाचला दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आण तो फोन." मी म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणे, "खंड पडेल." फोन घेऊन गेली. मला त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर चाललं असतं.

आई तर हवेत आहे. वॉशिंग मशीनवाल्यांनाही सांगते. "हो सर, आपली तक्रार नोंदवली आहे, माझ्या मुलीची निवड झाली." बाबांनी बोटीवरून कळवलं, 'अभिमान', आणि रेंज गेली.

बारा तारखेपर्यंत आईने ॲपवर होकार द्यायचा आहे. खरं सांगावं तर चष्मिसही अडकते, फसवणुकीत ती माझ्याइतकीच होती. न सांगावं तर तिची जागा मी खाल्ली. मला दोन दिवस जेवण जात नाही. काकूंनी मेणाचा चाकू काढून घेतला, म्हणाल्या लक्ष नाही तुझं, बोट कापशील.

काय करू ते लगेच लिही.

टिटवी

---

४ सप्टेंबर

टिटवे,

पत्र काल हातात आलं आणि आज वर चढलोच नाही, उस्तादला सांगितलं पोट दुखतंय. किनाऱ्यावर तीन फेऱ्या मारल्या. एक कुत्रं मागे लागलं होतं, त्याला वाटलं माझ्याकडे खायला आहे. नव्हतं. मग मीच त्याच्यामागे फिरलो. त्याला कुठे जायचं ते माहीत होतं.

मला सुचलेलं सांगतो. एक, गप जा. दोन महिने रहा, मग आजारी पड, परत ये. मी अशाने तीन नोकऱ्या सोडल्यात. दोन, माझ्याकडे ये, उस्तादला तसं एक माणूस हवंच आहे खाली. तीन, मला तिसरं सुचत नाही.

वाचलं परत. दोन्ही पळून जायचेच उपाय आहेत. दुसरं काही येत नाही मला. पहिल्या उपायात चष्मिसचं काय होतं ते मी धरलंच नाही, ती तर तशीच राहते.

थांब. काहीतरी करतो.

मामा

---

८ सप्टेंबर

तू आईला फोन का केलास?

'थांब, काहीतरी करतो' हे वाक्य माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी तू ते करून बसला होतास. तू तिला म्हणालास, "टिटवीला पाठवू नकोस, कारण विचारू नकोस." मामा, माझ्या आईला! कारण विचारू नकोस!

तिने हेडफोन परत कानाला लावला. पाच वाजले. साडेपाचला मी खाली दाढ घासत होते आणि छतातली पावलं थांबली. मग दार आपटलं. जिन्यावरून चप्पल गेली, काकूंच्या दारावरून, बाहेर. मला वाटलं काहीतरी आणायला गेली.

ती ठिपक्यामागे गेली होती. चष्मिसच्या घरी ठिपका होता, फोन होता, चष्मिस होती, आणि मी नव्हते. चष्मिस म्हणाली की मावशींनी आधी दाराआड पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, मग फोन उचलून त्याच्याकडेच बघत राहिल्या. "ही इथे आहे," म्हणाल्या, "ही तर इथे आहे." आणि पळाल्या. चष्मिसला सांगायची संधीच दिली नाही.

मला ऐकू आलं ते माझं नाव. नाव म्हणजे खरं नाव, शाळेतलं. आई रस्त्यावर इस्त्रीवाल्याला विचारत होती, रिक्षावाल्यांना विचारत होती, बस थांबवून आत बघत होती. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नाही. हेडफोन गळ्यात तसाच होता आणि त्यातून कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं.

मी बाहेर आले. हातांना प्लास्टर, केसांत मेण. आईने मला पाहिलं, मग माझ्या मागचं दार पाहिलं, मग वर आमची खिडकी पाहिली. शेवटी म्हणाली, "खाली?"

मी म्हटलं, "खाली."

वर जाऊन मी सगळं सांगितलं. काकू, फोन, चष्मिस, निवड. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जागा आली आहे ना तुझ्या नावावर? मग जा. तिथे गेल्यावर शिकशील. सगळे काहीतरी करूनच जातात." आणि त्यानंतर बोलत नाही. समोरून ताट सरकवते.

आई नजर ठेवते ती माझ्या भल्यासाठी. वाटाड्या टिपतो तो माझ्या भल्यासाठी. तूही फोन केलास तो माझ्या भल्यासाठीच. मला न विचारता सगळे माझं किती भलं करता रे!

चार दिवस उरलेत. सल्ला नको.

टिटवी

---

९ सप्टेंबर

टिटवे,

तुझं जलद टपाल आजच हातात आलं. हेही जलद टपालानेच पाठवतोय, बाराच्या आत पोचायला हवं.

आमच्यात एकच गोष्ट अशी आहे की ती चुकली तर उस्ताद खरंच मारतो. वरचा माणूस स्वतःच्या तोंडाने "उतरलो" म्हणत नाही तोवर खालच्याने अँटेना चालू करायची नाही. दिसला तरी नाही, जमिनीवर उभा असला तरी नाही. त्याने म्हणायला हवं. मी तुझ्याआधी बटण दाबलं. माफ कर म्हणत नाही, तू रागव हवं तितकं.

सल्ला नको म्हणालीस, म्हणून एक प्रश्न विचारतो. चष्मिसला विचारलंस का? तिचं काय करायचं यावर तू आणि मी मिळून इतकी पानं भरली, आणि तिला कुणी विचारलंय का?

मी यायला निघालो होतो. बसस्टँडपर्यंत गेलो. मग परत आलो. तुला विचारल्याशिवाय येत नाही.

मामा

---

२६ सप्टेंबर

मामा,

रागवून झालं. अजून थोडा आहे, पण तो राहू दे, पुढे लागेल.

तुझं पत्र अकराला आलं. मी तशीच चष्मिसकडे गेले आणि विचारलं, "तुला काय हवंय?" तिने पुस्तकातून मान वर केली. म्हणाली, "एवढ्या दिवसांत आत्ता सुचलं?" मग म्हणाली, "मला ती जागा हवी आहे. तू दिलेली नको, माझी आहे म्हणून हवी आहे. चल."

शाळेत सरांसमोर तीच बोलली, मी मागे उभी. "सर, दोन्ही फोनवर मीच सोडवलंय. दोघींच्या गुणांची बेरीज करा आणि मला द्या." सर हादरले. आधी रागावले, फसवणूक, निलंबन, पालक, सगळे शब्द वापरले. चष्मिस म्हणाली, "चालेल. पण बेरीज करा." सरांनी तिला तिथेच दोन गणितं घातली, फळ्यावर, खडूने. तिने सोडवली आणि सरांच्या गणितातली एक चूकही दाखवली. मग सर बराच वेळ त्यांच्या संगणकात शोधत बसले. बेरीज करायची सोयच नाही त्यात. खरं लिहायलाही जागा नाही. सोय एकच, पालकाने जागा नाकारायची, मग प्रतीक्षेतलं पहिलं नाव आपोआप वर जातं. दोघींना आठवडाभर वर्गाबाहेरच्या बाकावर बसायची शिक्षा मिळाली. चष्मिस म्हणाली, तिथे उजेड चांगला आहे.

म्हणजे सगळं आईवर आलं. आणि आई बोलत नव्हती.

बारा तारखेला मी तिच्यासमोर बसले आणि चष्मिसने फळ्यावर काय केलं ते सांगितलं. आई फोन हातात धरून बसली होती. म्हणाली, "हे बघ, इथे काय लिहिलंय. 'आपल्या पाल्याची चिकाटी उत्कृष्ट.' मी हे रोज बघायचे. कामावर दिवसभर शिव्या खाल्ल्या की हे बघायचे." ती म्हणाली, "मला वाटायचं, हिचं बाहेरून दिसत नाही, पण आतून ही अशी आहे."

मग तिने 'नकार' दाबलं. त्याने विचारलं, खात्री आहे का? तिने हो म्हटलं. त्याने परत विचारलं, ही संधी पुन्हा मिळणार नाही, खात्री आहे का? आई वैतागून फोनला म्हणाली, "हो रे बाबा, एकदा सांगितलं ना!" आणि तिचं तिलाच हसू आलं. अगदी वॉशिंग मशीनवाल्यांसारखं बोलली होती. हसता हसता रडली. तिचे डोळे पुसायला मी गेले तर म्हणाली, "हात धू आधी."

चष्मिस परवा गेली. स्टेशनवर तिने मला मिठी मारली नाही, चष्म्याच्या काड्या दोन्ही हातांनी धरून उभी होती. गाडी हलल्यावर म्हणाली, "गणिताचं तिसरं प्रकरण स्वतः सोडव. तुला ते येत नाही, मला माहीत आहे. तुझ्या नावावर ते मीच सोडवलंय." अजून सोडवलेलं नाही. आज बसणार होते.

ठिपका आईने काढलेला नाही. म्हणाली, लगेच नाही जमणार, सवय झालीय, बघू. पण काल साडेपाचला ती खाली आली. काकूंचं दार तिने पहिल्यांदाच वाजवलं. आत येऊन सगळे जबडे बघितले, नाक मुरडलं, आणि विचारलं, "हिची कुठली?" काकूंनी माझी दाढ दाखवली. आई म्हणाली, "बटाट्यासारखी दिसते."

काकू हसून स्टुलावरून पडायच्या बाकी होत्या. म्हणाल्या, "ताई, आलाच आहात तर बसा. हिला अजून कुणाचं माप घेऊ दिलेलं नाही. खरं तर ते डॉक्टरांचं काम, पण सरावाला एक तोंड हवंच आहे."

आई बसली. मी मापाचा गुलाबी लगदा कालवला, घोड्याच्या नालासारख्या पळीत भरला. आईने तोंड उघडलं. मामा, मी आईचे दात कधी पाहिलेच नव्हते. मागे एक दाढ नाही, ती कधी गेली मला माहीत नाही, तिने कधी सांगितलं नाही. मी पळी बसवली, दाबून धरली, आणि काकूंनी शिकवलं तसं म्हटलं, "हलू नकोस. बोलू नकोस. नाकाने श्वास घे."

दिवसभर बोलणारी माझी आई डोळे मोठे करून माझ्याकडे बघत गप्प बसली. तिच्या हनुवटीला माझे हात. आणि मी बोलायला लागले. मला शाळेत बसवत का नाही, रात्री कशाची भीती वाटते, चष्मिस गेल्यावर डब्याच्या सुट्टीत मी काय करते, दात छापून यायला लागले तर मी काय करीन ते मला माहीत नाही, आणि तरी मला हेच का करायचंय. ती मध्ये एकदा 'हं' म्हणाली. मी म्हटलं, हलू नकोस.

लगदा कधीच घट्ट झाला होता. काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून बेसिनपाशी भांडी धुवायला लागल्या. मी पळी काढली नाही. माझं अजून सांगून व्हायचं होतं.

टिटवी